पेटीवरची एक्केचाळीस मतं

आमच्या भागात बैलजोडीच्या नावानं दगड उभा केला तरी तो दिल्लीला जातो, हे वाक्य मी बावन्न सालापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मीच ते पुरं करत असे. बरं, म्हणणारे सगळे आमचेच. विरोधी पक्षाची माणसं चहाला जमली की आधी आपण कसे पडणार याचीच चर्चा करतात, आणि मग पत्रकं वाटायला उठतात.

बावन्नला आम्ही बत्तीस हजारांनी पडलो होतो. पुढं तीन वर्षांनी तिथले खासदार वारले आणि पोटनिवडणूक लागली. मी तेव्हा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. आठवडाभर पिंपरीतच एका खोलीत चौघांबरोबर राहायचं आणि रविवारी सायकलीनं गावी जायचं, असा माझा क्रम. गाव म्हणजे आमची पाखरवाडी, चाकणच्या अलीकडे दोन कोसांवर. तिथं माझी बायको यशोदा दोन बिघे कांदा सांभाळून होती. निवडणुकीचं कळलं तेव्हा मी तिला सांगितलं, आता पुरे, बेचाळीसपासून घोषणा देतोय, घसा बसला आणि पायही. ती काही बोलली नाही. पुण्याहून पक्षाची चिठ्ठी आल्यावर मी दहा दिवसांची बिनपगारी रजा टाकली, तेव्हाही ती काही बोलली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

त्या वेळी मत देण्याची रीत वेगळी होती. आतासारखा शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र. हातात कोरी चिठ्ठी मिळायची, ती घेऊन पडद्याआड जायचं आणि मनात असेल त्या पेटीत टाकून यायचं. आमच्याकडे दोनच पेट्या होत्या. एकीवर बैलजोडी, दुसरीवर आमची झोपडी. कुणब्याच्या गावात बैलाविरुद्ध झोपडी घेऊन मत मागायचं म्हणजे काय, हे पुण्याच्या पुढाऱ्यांना कधी कळलं नाही. मला एका म्हाताऱ्यानं तोंडावर सांगितलं होतं, की झोपडी आहेच रे आमच्यापाशी, बैलच नाहीत.

गावातल्या पुरुषांची मतं मला नावानिशी पाठ होती. पंचवीस ते तीस आमची, बाकी सगळी उद्धवराव पाटलांच्या शब्दाखाली. उद्धवराव माणूस वाईट नव्हता. बेचाळीसात येरवड्याच्या तुरुंगात आम्ही दोघं एका बराकीत होतो. बाहेर आल्यावर तो बैलजोडीच्या पक्षातच राहिला आणि मी तो सोडला, एवढंच. पण गावात त्याच्या वाटेला कोणी जात नसे आणि त्यालाही कोणाच्या दारात जायची गरज पडत नसे. सुरक्षित जागा म्हणतात ती अशीच असते. तिथं कोणी कोणाला धमकावत नाही.

राहिल्या बाया. बावन्नला आमच्या गावातून एकही बाई मताला गेली नव्हती. पुरुषांनी नेलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. या खेपेला मी त्यांच्या नादी लागणारही नव्हतो. पण पहिल्याच दिवशी ठकुआत्या माझ्या दारात येऊन बसली.

ठकुआत्या म्हणजे ठकुबाई. माझी सख्खी आत्या नव्हे, पण सगळी आळी तिला आत्याच म्हणायची. साठीची, विधवा, हाडापेरानं मजबूत. तिची सून रतनबाई मागच्या आषाढात बाळंतपणात अडली. बैलगाडीत घालून तळेगावच्या दवाखान्यात नेत असताना वाटेतल्या ओढ्यापाशी गेली, मूल पोटातच राहिलं. तेव्हापासून ठकुआत्या उद्धवरावाच्या मागं लागली होती, की चाकणला बाळंतपणाची खोली आणि एक नर्स द्या. तो प्रत्येक वेळी म्हणे, खासदारसाहेब आले की त्यांच्या कानावर घालतो. साहेब आले नाहीत, आणि मग साहेबच वारले.

तिनं मला विचारलं, तुमचा माणूस नर्स आणील का. मी तोवर इतक्या निवडणुकांत इतकं बोललो होतो, की खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. आणील असं मी म्हणालो नाही. दिल्लीत विचारील, असं म्हणालो.

"इचारील तरी," ती म्हणाली. "ह्यांनी आजवर इचारलं बी न्हाई."

एवढ्यावर ती उठली. पुढचे आठ दिवस ती खुरपणीला ज्या ज्या रानात गेली, त्या त्या रानातल्या बाया तिनं एकेक करून फिरवल्या. कांद्याच्या वाफ्यात माना खाली घालून बाया जे बोलतात ते बांधावर उभ्या असलेल्या पुरुषाला ऐकू जात नाही. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्या तिच्या अंगणात यायच्या आणि मी त्यांना मत द्यायला शिकवायचो. रॉकेलचे दोन डबे आणले होते. एकावर झोपडीचं चित्र डकवलं, एकावर बैलांचं. हातात कागदाचा चौकोन द्यायचा, म्हणायचं, जा, दे मत. मला धास्ती एकाच गोष्टीची होती, की ऐन वेळी बैल बघून यांचा जीव पाघळेल. म्हणून मी रोज डब्यांच्या जागा बदलायचो, झोपडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पाच दिवसांत एकही बाई चुकेना. मला बरं वाटलं. खूप वर्षांनी मला निवडणुकीत बरं वाटलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी ठकुआत्यानं सगळ्यांना खंडोबाच्या देवळात नेलं आणि बेलभंडार उचलायला लावला. देवापुढचा बेल आणि भंडारा हातात घेऊन शब्द द्यायचा, तो मोडला तर घराचं वाटोळं होतं, असं आमच्याकडे मानतात. एक्केचाळीस जणींनी शब्द दिला. त्यात यशोदा होती, उद्धवरावाची थोरली सून कुसुम होती. असल्या शपथा मला पटत नसत. मत हे ज्याचं त्याचं मोकळं असावं, यावर मी तरुणपणी व्याख्यानं दिलेली. ते मी ठकुआत्याला एकदा सांगून पाहिलं, पण फार जोर लावून नाही. मग देवळाकडे पाठ करून कट्ट्यावर बिडी ओढत बसलो. एक्केचाळीस मतं हातची घालवण्याइतकी माझ्यात ताकद उरली नव्हती.

मतदान शाळेत झालं. उद्धवराव त्यांच्या बाजूनं आणि मी आमच्या बाजूनं, दोघं एकाच बाकावर. केंद्रावरचे साहेब खेडच्या कचेरीतले, तरुण, नियमांचं पुस्तक फडक्यात बांधून आणलेलं. बायांसाठी वेगळी खोली होती, तिथं चाकणच्या शाळेतल्या विमलबाई नेमल्या होत्या. सकाळी पुरुष आले. कामं आवरून अकराच्या सुमाराला बाया आल्या, ठकुआत्या पुढं. त्यांचं बघून पाटलाच्या बाजूच्याही काही जणी मागोमाग निघाल्या होत्या. बोटाला शाई लावून घेताना त्यांचं आपसात हसणं चाललं होतं. उद्धवराव त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं, आपल्याच माणसांनी धाडल्या. त्यानं मला तंबाखू दिली.

दोनच्या पुढं विमलबाई बाहेर आल्या आणि साहेबांच्या कानाशी लागल्या. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. सांगितलं ते असं : बायांच्या खोलीत पडद्याआड एका पेटीवर चिठ्ठ्यांची रास पडली आहे. आत टाकायच्या त्या बऱ्याच जणींनी वरच ठेवल्या आहेत. नियमाप्रमाणे पेटीबाहेरची चिठ्ठी रद्द.

"पण बायका अडाणी आहेत," साहेब म्हणाले. "त्यांनी कुणाला दिलंय ते दिसतंय. तुमची दोघांची हरकत नसेल, तर दोघांच्या सह्या घेऊन मी त्या त्याच पेटीत टाकतो. एकाची जरी हरकत आली तरी रद्द. आणि कुठल्या पेटीवर आहेत ते मी आत्ता सांगणार नाही. आधी तुम्ही बोला."

उद्धवराव लगेच म्हणाला, टाका आत, बायाबापड्यांची मतं आहेत, पाप कशाला घ्यायचं. तो किती सहज बोलला. मला तेवढ्यावरूनच खात्री पटली, की रास बैलांवर आहे. बावन्नला चाकणच्या केंद्रावर मी डोळ्यांनी पाहिलं होतं, की बैलांच्या पेटीवर कोणी हळदकुंकू वाहिलं होतं, पोळ्याला वाहतात तसं. झोपडीची पूजा कोण करील? माझ्या बाया तर तयार केलेल्या, पाच पाच दिवस घोटून घेतलेल्या. त्या चुकणार नाहीत. चुकणार त्या पाटलाच्या, कोणी न शिकवलेल्या. बत्तीस हजार आठवले. सायकल हाणत भोसरीची चढण चढलेल्या सगळ्या रात्री आणि सगळे दिवस आठवले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नियम आमच्या बाजूनं उभा होता.

मी म्हणालो, माझी हरकत आहे.

उद्धवराव माझ्याकडे वळला. "मालोजी, बाया हायत रं," तो म्हणाला.

मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. साहेबांनी पुन्हा एकदा विचारलं. मी तेच सांगितलं. त्यांनी कागद पुढं केला, मी त्यावर वळणदार सही केली. मग चिठ्ठ्या मोजून पाकिटात घालायच्या म्हणून आम्हाला आत नेलं.

पडदा बाजूला झाला. बैलांची पेटी मोकळी होती. झोपडीच्या पेटीवर चिठ्ठ्या ठेवलेल्या होत्या, एकीवर एक, नीट घडी घालून, आणि वर चिमूटभर भंडारा. विमलबाईंनी मोजायला सुरुवात केली. मला ऐकायची गरज नव्हती, तरी मी एक्केचाळीसपर्यंत उभा राहून ऐकलं.

मी साहेबांना म्हणालो, माझी हरकत मागं घेतो. ते म्हणाले, आता पेटी बघितल्यावर कशी घेता येईल? आधी मागं घेतली असती तर चाललं असतं. त्यांना वाईट वाटत होतं, ते स्पष्ट दिसत होतं. उद्धवराव त्या राशीकडे बघत होता. त्याच्या घरातलीही एक चिठ्ठी त्यात असणार, हे त्याच्या लक्षात आलं असावं. बाकावर परत येऊन बसल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, "तुझ्याच सहीनं झालं." टोमणा मारल्यासारखं नाही. संध्याकाळी पेट्यांना लाख लागली आणि आम्ही आपापल्या वाटेनं गेलो.

घरी गेल्यावर मी यशोदेला आडून विचारलं, चिठ्ठी कुठं घातलीस. ती म्हणाली, घातली म्हणजे? ठेवली, झोपडीवर, तुम्ही शिकवली तशी. मी म्हणालो, पेटीला फट होती. तर म्हणाली, असेल, तुमच्या डब्याला नव्हती. खरंच नव्हती. रॉकेलचे झाकण लावलेले डबे ते. पाच संध्याकाळी मी त्यांना झोपडी ओळखायला शिकवली, डब्यावर कागद ठेवायला लावला, नमस्कार केला तरी हसून चालवून घेतलं. मत आत टाकायचं असतं, हे कोणाला सांगावं लागेल, असं माझ्या मनातच आलं नाही. मी तिला पुढचं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल काढली आणि पिंपरीला बॉयलरवर गेलो.

मोजणी पुण्यात झाली. आम्ही अकरा हजारांनी पडलो. पक्षाच्या कचेरीत गेलो तर तिथं पेढे. बत्तीस हजारांचे अकरा हजार झाले म्हणून पुढारी खुशीत होते. ही जागा आता अभेद्य राहिली नाही, असं एक जण फळ्यावर आकडे मांडून समजावत होता. पुढच्या वेळी अमुक इतकी टक्के मतं इकडची तिकडं झाली, की झालं. त्यानं मला थांबवून विचारलं, पाखरवाडीत झोपडीला सत्तावीसच कशी, तुम्ही तर बायांचं काम केलं म्हणालात? त्याचा अहवाल लिहून द्या. मी पेढा घेतला, अहवाल देतो म्हणालो आणि बाहेर पडलो. एक्केचाळीस मतांनी अकरा हजारांत काही फरक पडला नसता. हे मी रस्ताभर स्वतःला सांगत गेलो. कासारवाडीच्या फाटकापर्यंत ते मला पटलंही.

रविवारी गावी गेलो, तर आळीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. गावचा आकडा चावडीवर लागला होता : झोपडी सत्तावीस. ती सत्तावीस तर पुरुषांचीच भरत होती. म्हणजे बायांचं एकही मत झोपडीला नाही. उद्धवरावाच्या माणसांनी चेष्टा सुरू केली होती, की बेलभंडार उचलला देवासाठी आणि मत घातलं बैलाला. उद्धवराव स्वतः गप्प होता. पण खरं काय ते त्यानंही सांगितलं नव्हतं.

चेष्टेचं काही नव्हतं. बाया चेष्टेला भीत नाहीत. पण प्रत्येकीला ठाऊक होतं, की आपण शब्द पाळला, मग मोडला कुणी? विहिरीवर दोघींनी एकमेकींचे हंडे लोटले. कुसुमवर सगळ्यांचा संशय, पाटलाच्या घरची म्हणून. तिच्या पोराला गोवर निघाला तेव्हा बाया म्हणाल्या, बघा, खंडोबानं दाखवलं. कुसुम दाराबाहेर यायची बंद झाली. आणि सगळ्यांचा मिळून राग ठकुआत्यावर, तू आम्हाला देवापाशी नेलंस म्हणून. यशोदा हे सगळं मला भाकरी वाढताना सांगत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं विचारलं, तुम्हाला काही ठाऊक आहे का. मी ताटावरून उठलो.

त्या दुपारी देवळात बाया जमणार होत्या. ठकुआत्यानं सांगावा धाडला होता, की प्रत्येकीनं पुन्हा भंडारा उचलून सांगावं, आपण काय केलं ते. मी गेलो तेव्हा चाळीस जणी होत्या. कुसुम आली नव्हती. पुरुष आलेला बघून त्यांनी पदर सारखे केले. मी देवळाच्या पायरीवर उभा राहिलो आणि काही न वगळता सांगून टाकलं. डब्याला फट नव्हती ते सांगितलं. पेटीवर एक्केचाळीस चिठ्ठ्या होत्या, एकही कमी नाही, ते सांगितलं. पाटील आत टाका म्हणत होता, हरकत मी घेतली, सही माझी, हेही सांगितलं. सांगताना मला कळलं, की गेली तेरा वर्षं मी माणसांपुढं बोलत आलो, पण ज्याची मला लाज वाटेल असं आजवर काही बोललो नव्हतो.

मग ठकुआत्यानं विचारलं, म्हणजे शब्द कोणीच मोडला नाही? मी म्हणालो, कोणीच नाही. एक बाई रडायला लागली. दोघी उठल्या आणि कुसुमला आणायला पाटलाच्या घराकडे गेल्या. मला वाटलं, संपलं. मला हलकं वाटायला लागलं होतं.

ठकुआत्या माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली. तिचा आवाज शांत होता.

"आमची हायत ह्ये तुला ठावं नव्हतं, व्हय?"

"न्हाई आत्या. मला वाटलं, बैलाची हायत."

"बैलाची असती, तरी ठेवणाऱ्या ह्याच गावच्या बाया असत्या न्हवं?"

मी व्हय म्हणालो.

"आन् त्यांची रद्द झाली असती, तर?"

तिच्यापुढं आता मला काही लपवायचं नव्हतं. मी म्हणालो, मला आनंद झाला असता.

तिनं मान हलवली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि देवळात परत जाताना, रागानं नाही, दमल्यासारखी म्हणाली, "मग पडलात ते बरं झालं."